घाट उतरताना

माझ्या माहेरी स्वयंपाकघरात स्टीलचं एक ताट आहे. त्याच्या काठाला पोचा आला आहे. त्यात आमटी वाढली की ती पोच्याकडे धावते, म्हणून त्यात कुणी जेवत नाही. तांदूळ निवडायला, भाजलेले शेंगदाणे पसरायला ते उपयोगी पडतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते भरलेलं ताट भिंतीवर भिरकावलं होतं. भाकरी गार होती, एवढंच निमित्त. भिंतीवरून आमटीचा ओघळ खाली येत होता आणि माझा भाऊ माझा हात घट्ट धरून उभा होता. आई काही बोलली नाही. तिने फडकं आणलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णा जिलेबी घेऊन आले. पुडा आईसमोर ठेवून, भिंतीकडे बघत म्हणाले, "काय करू गं, डोक्यात सणकच गेली." हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की सणक नावाचा एखादा किडा असेल आणि तो कानातून आत शिरत असेल, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आण्णा ट्रकवर ड्रायव्हर होते. कोल्हापुरातून गुळाच्या ढेपा भरायच्या आणि गुजरात गाठायचं, येताना मिळेल तो माल घ्यायचा. वाटेत खंबाटकी, कात्रज, बोरघाट. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. समोरून कुणी चुकीच्या बाजूने घुसो, मागून कुणी पाच मिनिटं हॉर्न वाजवत राहो, ते शांत. सुट्टीत एकदा त्यांनी मला गाडीवर नेलं होतं. खंबाटकीत एका मोटारवाल्याने खिडकीतून हात काढून घाणेरडी शिवी दिली. मी आण्णांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी गाडी थोडी डावीकडे घेतली आणि त्याला वाट दिली.

मग घरी येऊन गार भाकरीवरून ताट का उडायचं? हा प्रश्न मी चाळीस वर्षं वागवते आहे. 'माणसाला संयम नाही' हे नातेवाइकांचं उत्तर मला कधीच पटलं नाही. ज्याच्याकडे संयम नाही त्याच्या हातात कुणी दहा टनांचा ट्रक देत नाही.

या प्रश्नाचा पहिला सरळ धागा मला बऱ्याच उशिरा मिळाला. २००१ मध्ये स्टीफन व्हाइटसाइड आणि डोनल्ड लायनम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उतावळेपणाची बारकाईने फोड केली. तोवर उतावळेपणा हा एकच गुण, कुणात कमी कुणात जास्त, असं साधारण धरलं जाई. या दोघांनी त्यातले चार वेगवेगळे धागे सुटे केले. पुढचामागचा विचार न करणं, हातातलं काम तडीस न नेणं, थराराची ओढ असणं आणि चौथा धागा म्हणजे मन बिघडलेलं असतानाच हातून घाईने काहीतरी घडणं. पहिले तीन धागे आण्णांमध्ये औषधालाही नव्हते. वहीत पैशापैशाचा हिशोब, जुगार नाही, दारू नाही, गाडीची देखभाल तारखेवर. फक्त चौथा होता आणि तो पुरेसा होता.

या चौथ्या धाग्याला आपल्याकडे किती नेमका शब्द आहे. 'रागाच्या भरात', 'दुःखाच्या भरात'. भर म्हणजे ओझं आणि भर म्हणजे लोटही. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की हे आनंदाच्या भरातही होतं. दशरथाने कैकेयीला दिलेले वर आठवावेत. कृतज्ञतेच्या भरात दिलेला शब्द, पुढे सगळं घर बुडवणारा. भावना कोणत्या रंगाची आहे यापेक्षा ती किती वेगाने चढते आणि त्या वेगात आपल्या हातात काय आहे, यावर बरंच काही ठरतं.

मी स्वतःला आण्णांपेक्षा वेगळी समजत होते. मी ताटं फेकत नाही. मग सहा वर्षांपूर्वी एका रात्री पावणेबाराला मी नोकरीचा राजीनामा पाठवला.

नऊ वर्षांची नोकरी होती, हिशोब विभागात. दुपारच्या बैठकीत माझ्या नसलेल्या चुकीवरून मला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. मी तिथे गप्प राहिले. संध्याकाळी जेवले नाही. डोकं दुखत होतं, झोप येत नव्हती. उशाला फोन होता. चार ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. पाठवल्याबरोबर जे वाटलं ते मला आजही स्पष्ट आठवतं: सुटका. छातीवरचं कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. खोलीतली हवासुद्धा थंड वाटली. हे सुख फार तर पंधरा मिनिटं टिकलं. मग पोटात गोळा आला, घराचा हप्ता आठवला, मुलीची शाळा आठवली. सकाळी दहाला राजीनामा स्वीकारल्याचं उत्तर आलं.

त्या पंधरा मिनिटांवर मी खूप विचार केला आहे. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. अशा कृतीला आपण वेडेपणा म्हणतो, पण ती ज्या कामासाठी घडते ते काम ती चोख करते. असह्य झालेली भावना ती तत्काळ बाजूला करते. ताट भिंतीवर फुटताना आण्णांनाही क्षणभर असंच मोकळं वाटत असणार. दातदुखीने कळवळणारा माणूस दुखणं थांबवणारी कुठलीही गोळी घेईल, उद्या पोट बिघडेल म्हणून सांगितलं तरी घेईल. त्याला 'धीर धर' सांगणाऱ्याने दाताकडे बघायला हवं. आणि सुटकेमागून येणारी शरम पुढच्या खेपेचं सरपण होते. जिलेबी आणणारा माणूस घरात आधीच मान खाली घालून शिरतो, आणि मान खाली असलेल्याला बारीकसा शब्दही लागतो.

मराठीत 'त्रागा' हा एक शब्द आहे, त्याच्यावर माझा फार जीव आहे. रागात माणूस दुसऱ्याचं नुकसान करतो, त्राग्यात स्वतःचं. 'नको मला तुमचं जेवण' म्हणून उपाशी झोपणं, भांडणात स्वतःचीच पुस्तकं फाडणं. माझा राजीनामा हा त्रागा होता. पण तो शब्द मला त्या रात्री सुचला नाही. नंतर ज्या समुपदेशक बाईंकडे मी जाऊ लागले, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मेल पाठवण्याच्या पाच मिनिटं आधी काय वाटत होतं?" मी म्हणाले, "राग." त्या म्हणाल्या, "अजून?" मी गप्प. तीन आठवड्यांनी उत्तर सापडलं: अपमान, आणि त्याच्या तळाशी भीती, की आता इथे माझी किंमत उरली नाही. चीड, तिडीक, वैताग, चरफड, रुसवा, उद्वेग, संताप. एवढं भरलेलं शब्दांचं फडताळ घरात असून मी सगळ्यावर 'राग' हे एकच लेबल लावत आले होते.

हे शब्दांचं खूळ नाही. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग, कमी पेटत होता आणि कपाळामागचा एक भाग जास्त काम करत होता. नाव सापडण्याने दुःख जात नाही, पण घंटेचा आवाज उतरतो. मला तेवढं पुरलं.

भावनिक अस्थिरता म्हणजे नेमकं काय, हे मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या मांडणीतून उमगलं. टोकाच्या भावनांनी पोळणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या माणसांसाठी त्यांनी उपचारपद्धती घडवली, १९९३ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. त्या स्वतः सतरा वर्षांच्या असताना अशाच अवस्थेत मनोरुग्णालयात दाखल होत्या, आणि २०११ मध्ये त्याच संस्थेत उभं राहून त्यांनी हे जाहीर सांगितलं. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात: काही माणसांना भावना लवकर लागते, जोरात लागते आणि ओसरायला फार वेळ घेते.

तिसरी गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पंचगंगेचं पाणी चढतं एका रात्रीत आणि उतरतं इंचाइंचाने. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आमच्याकडे पोरांनाही पाठ असतं. नदीकाठचे शहाणे लोक सामान ३९ लाच माळ्यावर चढवतात आणि जनावरं हलवतात. ४३ ला काही हलवता येत नाही, जीव घेऊन निघायचं असतं. पाणी ओसरत असताना वर पुन्हा पाऊस झाला तर पहिल्यापेक्षा कमी पावसातही पूर येतो. माझ्या त्या दिवसाचं तेच झालं होतं. बैठकीतला अपमान ओसरला नव्हता, त्यावर उपास, त्यावर डोकेदुखी, त्यावर जागरण.

जागरणाबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण आण्णांच्या गोष्टीत ते सगळीकडे पसरलं आहे. २००७ मध्येच झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने एक रात्र न झोपलेल्या तरुणांचे स्कॅन केले. त्रासदायक चित्रं बघताना त्यांचा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटत होता आणि कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागाशी त्याचा दुवा सैल पडला होता. एका रात्रीने हे होतं. आण्णा आठवड्यातल्या चार रात्री स्टिअरिंगवर असायचे. घरी यायचे तेव्हा डोळे तांबारलेले, कानात इंजिनाची घरघर. रस्त्यावर शिल्लक सगळी खर्च करून आलेला माणूस उंबऱ्यात उभा असायचा.

आईने ते संशोधनाशिवाय ओळखलं होतं. ट्रकचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ती आम्हाला शेजारच्या काकूंकडे पाठवायची. आधी पाणी, मग अंघोळ, मग जेवण, मग झोप. घरातलं काही सांगायचं तर दुसऱ्या दिवशी. आण्णांच्या मनाला बांध घालायचं काम बिनबोभाट तिने अंगावर घेतलं होतं, आणि याचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. ती फार मोठी किंमत होती. आज पंचाहत्तरीतही स्वयंपाकघरात झाकण पडलं की तिचे खांदे वर जातात. मला आण्णांची अडचण समजते. आईचे खांदेही मला दिसतात.

आणि आम्ही मुलं? माझा भाऊ जिलेबी उभ्या उभ्या संपवायचा. उद्यासाठी ठेव म्हटलं तर ऐकायचा नाही, आणि त्याला हावरट म्हणायचे. पुढे रॉचेस्टर विद्यापीठातला एक प्रयोग वाचला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. लहान मुलांपुढे एक गोड पदार्थ ठेवायचा, थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं. पण त्याआधी अर्ध्या मुलांना मोठ्या माणसाने दिलेला शब्द मोडल्याचा अनुभव द्यायचा. शब्द मोडलेली मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली. शब्द पाळलेली बारा. उद्या घरात जिलेबी येईल की ताट उडेल, याचा भरवसा नसलेल्या मुलाने हातातलं आत्ताच खाल्लं, तर त्याला हावरट का म्हणायचं? हे भावाला सांगितलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही.

मेंदूचा विषय निघाला की फिनियस गेजचं नाव निघतंच. १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग भरताना साडेतीन फुटांहून लांब पहार त्याच्या गालातून शिरून कपाळाच्या वर निघाली. तो वाचला, पण शांत, जबाबदार मुकादम लहरी, शिवराळ झाला. कपाळामागचा भाग गेला म्हणून आवर गेला, इथवरच गोष्ट सांगितली जाते. मला पुढची हवी असते. हाच गेज नंतर चिलीला गेला आणि तिथे जवळपास सात वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, हातात सहा लगामांची जोखीम. आवर गेलेला म्हणून जगभर प्रसिद्ध झालेला माणूस रोज ते काम करत होता. हे वाचलं तेव्हा मला एकदम आण्णांची ट्रकमधली पाठ दिसली. ठरलेल्या चाकोरीत मनाला आधार मिळतो. घरात तशी चाकोरी नव्हती.

गेल्या वर्षी मी धीर करून आण्णांना विचारलं. आता ते सत्त्याहत्तरचे आहेत, गुडघे गेलेत, आवाजही खाली आलाय. म्हटलं, "आण्णा, गाडीवर तुम्हाला कधी सणक जायची नाही?"

"जायची की. न जायला काय झालंय."

"मग?"

"गाडी बाजूला घ्यायचो. खाली उतरायचो, टामी घ्यायचो आन् सगळे टायर ठोकून बघायचो. हवा हाय का नाय. सहाच्या सहा. तवर डोस्कं खाली यायचं."

"आणि घरी?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "गाडीतनं उतरता येतंय, पोरी. घरातनं कुठं उतरायचं?"

दीड खोलीचं घर होतं आमचं. खरंच, कुठे उतरणार होते? ज्ञानेश्वरांनी लोकांच्या बोलण्याने दुखावून ताटी लावून घेतली आणि मुक्ताबाई बाहेरून विनवत राहिली, ही कथा लहानपणी ऐकली तेव्हा मला तिच्या शब्दांपेक्षा त्या दाराचंच नवल वाटलं होतं. ज्ञानेश्वरांनासुद्धा एक दार लागलं. आणि ते कुणी लाथ घालून तोडलं नाही. आमच्याकडे कुणी दार लावलं की सगळं घर त्यावर थापा मारायचं: "दार उघड आधी!" रुसलेल्याला, पेटलेल्याला थोडा वेळ बाजूला बसू देणं हे आमच्या घराला माहीतच नव्हतं.

त्याच दिवशी मी आण्णांना घाटाबद्दलही विचारलं. ड्रायव्हर लोकांचा एक जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर सोडली तर लायनर तापतात, धूर येतो आणि शेवटच्या वळणावर पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. "ब्रेक वाईट नस्तोय," ते म्हणाले. "त्याच्यावर सगळा भार टाकायचा नस्तोय. गिअर वरच टाकायचा, उतार लागायच्या आदी." मला वाटतं, संयमाबद्दल आपण पोरांना जे शिकवतो त्यात आपण फक्त ब्रेक शिकवतो. दात आवळ, गप्प बस, गिळून टाक. आणि ब्रेक निकामी झाला की पोराच्या चारित्र्याला नावं ठेवतो.

घाट खरोखर जीवघेणा असतो तिथे हे मला सर्वांत खोलवर पटलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी किरकोळ भांडणानंतर एका दुपारी गेली. ती जाण्याच्या विचारात महिनोन्‌महिने होती असं कुणालाच आढळलं नाही, तो एका दुपारचा भर होता आणि घरात शेतीचं औषध होतं. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांच्या मनातली वादळं काही कमी झाली नव्हती. त्या घडीला हाताशी जीव घेणारं काही नव्हतं, आणि घडी निघून गेली. ज्यांच्या घरात कुणी अशा उतारावर आहे त्यांनी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक दाराशी लिहून ठेवावा, आणि शेतीची औषधं घरात ठेवू नयेत. माझी एवढी विनंती आहे.

माझे गिअर साधे आहेत. फोनवरून ऑफिसचं मेल काढून टाकलं. रात्री नवानंतर लिहिलेलं काहीही दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्याशिवाय जात नाही. उपाशीपोटी मुलीच्या अभ्यासाचा विषय काढायचा नाही. उबळ आलीच तर थंड पाण्यात तोंड बुडवायचं, त्याने हृदयाचे ठोके खरोखर उतरतात. उबळ हा शब्दही मला आवडतो, कारण खोकल्याची उबळ येते तशी जातेही. या सगळ्याला दोन वर्षं समुपदेशन लागलं, आणि मध्ये थायरॉइडची गोळीही सुरू झाली. माझ्या चिडचिडीतला काही भाग नुसता रक्तातला होता, हे तपासल्याशिवाय कळलं नसतं.

मागच्या मंगळवारी मुलीने परीक्षेचा अर्ज भरायची तारीख चुकवली होती आणि ते माझ्यापासून लपवलं होतं. मला ते कळलं तेव्हा ती दारातच उभी होती. तळपायाची आग मस्तकात गेली, हातात तिचाच मोबाइल होता आणि तो फरशीवर आपटला की किती बरं वाटेल हे माझ्या बोटांना आधीच कळलं होतं. मी तो टेबलावर ठेवला. ओढणी घेतली.

"कुठे चाललीस?" तिने घाबरून विचारलं.

"टायर बघून येते," मी म्हणाले. आजोबांची गोष्ट तिला माहीत आहे.

ती दारातून बाजूला झाली, आणि तिने कोपऱ्यातल्या माझ्या चपला पायाने पुढे सरकवल्या.